विश्लेषण : ‘ईगॉफनी’चा ‘इगो’शी संबंध काय? स्टेथोस्कोपच्या जनकाने वैद्यकशास्त्रात शेळी का आणली?

निमोनिया झालेल्या रुग्णाच्या पाठीवर स्टेथोस्कोप ठेवून डॉक्टर त्याला लांब ‘ई’ म्हणायला सांगतात. रुग्ण ‘ई’च म्हणतो, पण डॉक्टरांच्या कानात पोहोचतो तो नाकातून आल्यासारखा ‘ए’. या बदलाला वैद्यकीय भाषेत ‘ईगॉफनी’ म्हणतात. स्पेलिंग पाहिले की अनेकांना त्यात ‘इगो’ दिसतो, म्हणजे दुखावला जाणारा अहंकार. प्रत्यक्षात हा शब्द शेळीवरून आला आहे. तो घडवला फ्रेंच डॉक्टर रने लाएनेक यांनी. स्टेथोस्कोपचे जनक म्हणून जगाला माहीत असलेल्या या माणसाला दोनशे वर्षांपूर्वी छातीतल्या आवाजासाठी शेळीची आठवण का झाली आणि छातीच्या ज्या रोगाचा त्यांनी आयुष्यभर माग काढला, त्याच रोगाने त्यांना वयाच्या ४५व्या वर्षी कसे गाठले, याविषयी...

ईगॉफनी म्हणजे नेमके काय?

डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात ते फक्त श्वास आणि हृदयाचे ठोके ऐकण्यासाठी, असा सर्वसाधारण समज असतो. रुग्णाचा बोलण्याचा आवाजही छातीवर ऐकला जातो. निरोगी फुप्फुसावर स्टेथोस्कोप ठेवला, तर बोलणे अस्पष्ट, पुटपुटल्यासारखे ऐकू येते. शब्द कळत नाहीत.

फुप्फुसाचा एखादा भाग निमोनियामुळे घट्ट झाला असेल किंवा फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी साठले असेल, तर चित्र बदलते. त्या जागेवर आवाज स्पष्ट, पण थरथरता आणि नाकातून आल्यासारखा येतो. शेळी ‘बें बें’ करते तसा. ही ईगॉफनी. मराठी कानाला तर हे समजायला आणखी सोपे आहे. शेळीचा आवाज आपण ‘बें’ असा लिहितो. त्यात ‘ए’ आहे आणि नाकातला उच्चार दाखवणारा अनुस्वारही. डॉक्टरांना ‘ई’च्या जागी जे ऐकू येते, ते जवळपास हेच.

स्पेलिंगचा घोळ कशामुळे?

या शब्दाची इंग्रजीत दोन स्पेलिंग आहेत. जुन्या ब्रिटिश पद्धतीत तो ‘ए’ आणि ‘ई’ या दोन अक्षरांनी सुरू होतो, तर अमेरिकी पद्धतीत सुरुवातीचा ‘ए’ गळून फक्त ‘ई’ उरतो. ॲनिमियाच्या स्पेलिंगमध्येही हाच फरक आहे. ब्रिटिश त्यात ‘ए-ई’ लिहितात, अमेरिकी नुसता ‘ई’.

ॲनिमियाच्या बाबतीत एक अक्षर गेल्याने फारसे बिघडत नाही. ईगॉफनीत मात्र त्या अक्षराबरोबर शेळी हरवते. ग्रीक भाषेत शेळीला ‘एक्स’ किंवा ‘आइक्स’ म्हणतात. शब्द जोडताना त्याचे रूप ‘आइग’ असे होते. पुढचा ‘फोनी’ म्हणजे आवाज. टेलिफोनमधला ‘फोन’ तोच. या दोन शब्दांना जोडणारा मधला ‘ओ’ हा नुसता सांधा आहे. म्हणजे शब्द फोडायचा तर ‘इगो’ आणि ‘फोनी’ असा नव्हे, ‘ईग’ आणि ‘ओफोनी’ असा फोडावा लागतो. ‘मी’ या अर्थाचा ‘इगो’ हा लॅटिन शब्द आहे. त्याचा इथे काहीही संबंध नाही.

गंमत म्हणजे शब्द घडवणाऱ्याच्या नावाच्या स्पेलिंगचाही असाच घोळ आहे. लाएनेक यांच्या नावातल्या पहिल्या ‘ई’वर अनेक पुस्तकांत दोन टिंबे छापलेली दिसतात. त्यांच्या स्वतःच्या पुस्तकावर ती नाहीत. इंग्रजी उच्चाराच्या प्रभावामुळे आपल्याकडे ‘लेनेक’ असेही लिहिले जाते.

लाएनेक कोण होते?

रने-तेओफिल-इयासँत लाएनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतातल्या कँपेर या गावी झाला. वडील वकील होते. त्यांना कवितेची आवड होती आणि पैसा हातात टिकत नसे. लाएनेक पाच-सहा वर्षांचे असताना आई गेली. मुलांना सांभाळणे वडिलांना जमणारे नव्हते. त्यामुळे लहानग्या रने यांची रवानगी नातेवाइकांकडे झाली आणि पुढे ते नाँत शहरात काका गियोम यांच्या घरी वाढले.

काका डॉक्टर होते आणि नाँतमधल्या वैद्यकीय वर्तुळात त्यांना मान होता. पुतण्याला वैद्यकीची गोडी लागली ती या घरात. पण तो काळ फ्रेंच राज्यक्रांतीचा होता. १७९३च्या सुमारास नाँतमध्ये मोठा हिंसाचार झाला. शहरातल्या चौकात गिलोटिन उभे होते आणि लोकांना नावांत भरून लुआर नदीत बुडवले जात होते. या वातावरणात, वयाच्या चौदाव्या वर्षी लाएनेक रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करू लागले. जखमी आणि आजारी सैनिकांची शुश्रूषा हा त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाचा पहिला धडा ठरला.

वडिलांना मुलाने डॉक्टर होऊ नये असे वाटत होते. लाएनेक मात्र ठाम राहिले. फावल्या वेळात ते बासरी वाजवत आणि ग्रीक शिकत. पुढच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी कामी आल्या.

पॅरिसमध्ये ते काय शिकले?

१८०१ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी लाएनेक पॅरिसला आले. दोनच वर्षांत त्यांनी वैद्यक आणि शल्यचिकित्सा या दोन्ही विषयांत पहिली बक्षिसे मिळवली. १८०४ मध्ये त्यांनी प्रबंध सादर केला तो हिप्पोक्रेटस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या विचारांवर. म्हणजे हिप्पोक्रेटस ते मुळातून वाचत होते. रुग्णाच्या छातीला कान लावून ऐकण्याचा उल्लेख त्या ग्रंथांमध्ये आहे.

त्यांचे गुरू होते नेपोलियनचे डॉक्टर जाँ-निकोला कॉर्व्हिसार. छातीवर बोटांनी टकटक करून रोग ओळखण्याची पद्धत कॉर्व्हिसार यांनी फ्रान्समध्ये रुजवली. ही पद्धत मूळची ऑस्ट्रियातील डॉक्टर लिओपोल्ड आउएनब्रुगर यांची. त्यांनी ती १७६१ मध्ये मांडली होती, पण जवळपास अर्धे शतक तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. आउएनब्रुगर यांचे वडील खानावळवाले होते. पिंपात दारू किती उरली हे ठोकून पाहण्याच्या सवयीतून मुलाला ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

पॅरिसच्या रुग्णालयांमध्ये त्या काळी आणखी एक पद्धत रुजत होती. रुग्ण जिवंत असताना दिसलेली लक्षणे नोंदवायची आणि तो दगावला, तर शवविच्छेदन करून आत काय झाले होते ते पडताळायचे. लाएनेक यांचा या कामात हातखंडा होता. अडचण एकच होती. आतले बिघाड कळत होते ते रुग्ण गेल्यावर.

कागदाची गुंडाळी हाती कशी आली?

१८१६ मध्ये लाएनेक यांची पॅरिसच्या नेकर रुग्णालयात नेमणूक झाली. त्याच वर्षी हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी तपासणीसाठी आली. ती स्थूल असल्याने छातीवर टकटक करून काही कळत नव्हते. थेट छातीला कान लावावा, तर एका तरुणीच्या बाबतीत ते त्या काळच्या रीतीला धरून नव्हते.

लाएनेक यांना एक साधी गोष्ट आठवली. लाकडी वाशाच्या एका टोकाला टाचणीने खरवडले, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येते. पॅरिसच्या लुव्र राजवाड्याच्या आवारात मुलांना असा खेळ खेळताना त्यांनी पाहिले होते, अशी कथा पुढे प्रसिद्ध झाली. त्यांनी कागदाच्या ताव्यांची घट्ट गुंडाळी केली, तिचे एक टोक तरुणीच्या छातीवर ठेवले आणि दुसऱ्याला कान लावला. थेट कान लावूनही कधी आले नव्हते, इतके हृदयाचे ठोके स्पष्ट ऐकू आले.

पुढे कागदाची जागा लाकडाने घेतली. सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची, मधून भोक असलेली ही नळी लाएनेक स्वतः लेथवर घडवत. तिच्या एका टोकाला काढता-घालता येणारा दट्ट्या होता. श्वासाचे आवाज ऐकताना तो काढायचा, रुग्णाचे बोलणे किंवा हृदय ऐकताना बसवायचा. लाएनेक यांच्या बोलण्यात ती बहुधा नुसती ‘नळी’च असे. ‘स्टेथोस्कोप’ हे ग्रीक नाव त्यांनी दिले, त्याचा अर्थ ‘छाती पाहणारा’. यंत्र ऐकण्याचे, नाव पाहण्याचे. पण लाएनेक यांना हवे होते तेच त्या नावात होते. छाती न उघडता आत काय चालले आहे, ते जणू पाहता यावे.

आवाजांना नावे देण्याची गरज का पडली?

नळीतून आजवर कोणी न ऐकलेले आवाज ऐकू येऊ लागले आणि नवा प्रश्न उभा राहिला. हे आवाज दुसऱ्या डॉक्टरला सांगायचे कसे? एडिसनचा फोनोग्राफ यायला अजून साठ वर्षे होती. तो आला १८७७ मध्ये. आवाज रेकॉर्ड करून पाठवता येत नव्हता. तो एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जाणार होता तो फक्त शब्दांतून. शब्द चुकला, तर निदान चुकणार होते.

लाएनेक यांनी यासाठी रोजच्या जगण्यातल्या आवाजांचा आधार घेतला. निमोनियाच्या सुरुवातीला येणाऱ्या बारीक तडतडीला त्यांनी तापलेल्या भांड्यात मीठ टाकल्यावर होणाऱ्या आवाजाची उपमा दिली. एका आवाजासाठी त्यांनी पक्ष्यांचा चिवचिवाट निवडला, दुसऱ्यासाठी पारव्याचे घुमणे. हृदयाच्या काही विकारांत छातीवर ठेवलेल्या हाताला जाणवणारी थरथर त्यांना मांजराच्या गुरगुरण्यासारखी वाटली. स्वयंपाकघर, अंगण आणि झाडावरचे हे आवाज कोणत्याही डॉक्टरने ऐकलेले होते.

रुग्णाच्या बोलण्याचे त्यांनी तीन प्रकार केले. क्षयामुळे फुप्फुसात पोकळी झाली असेल, तर त्या जागी रुग्णाचा आवाज जणू थेट छातीतूनच नळीत शिरतो. याला त्यांनी ‘पेक्टोरिलोक्वी’ म्हणजे छातीचे बोलणे असे नाव दिले. श्वासनलिकांमधला आवाज घट्ट झालेल्या फुप्फुसातून मोठ्याने ऐकू आला, तर ती ‘ब्रॉन्कोफनी’. तिसरा प्रकार होता थरथरत्या, चिरक्या आवाजाचा.

मग शेळीच का?

हा तिसरा आवाज शब्दांत पकडणे सर्वांत कठीण होते. लाएनेक यांनी त्यासाठी अनेक उपमा वापरून पाहिल्या. दात आणि ओठांच्या मध्ये चकती धरून कोणी बोलावे, तसा तो त्यांना वाटला. कठपुतळीच्या खेळातल्या विदूषकाच्या आवाजाशीही त्यांनी त्याची तुलना केली. शेवटी नाव दिले ते शेळीवरून. तिचे ओरडणे सर्वांच्या ओळखीचे होते आणि त्यात हवे ते सगळे होते: चिरकेपणा, थरथर आणि नाकातला सूर.

हा आवाज कुठे येतो हेही त्यांनी बारकाईने नोंदवले. फुप्फुसाच्या आवरणात बेताचे पाणी असते तेव्हा तो येतो, पाणी फार वाढले की नाहीसा होतो आणि पाणी ओसरू लागले की पुन्हा ऐकू येतो, असे त्यांना आढळले. म्हणजे आवाजावरून रोगाची वाटचालही कळू शकत होती. सुई टोचून पाणी तपासण्याची सुरक्षित सोय नसलेल्या, एक्स-रेचा शोध लागायला जवळपास ८० वर्षे बाकी असलेल्या काळात ही मोठी गोष्ट होती.

‘ई’चा ‘ए’ कशामुळे होतो?

लाएनेक यांनी याचे कारणही शोधण्याचा प्रयत्न केला. पाण्याच्या दाबाने श्वासनलिका चपट्या होतात आणि सनईच्या पत्तीसारख्या थरथरतात, असे त्यांना वाटत होते. आज हे स्पष्टीकरण मान्य नाही.

शेजारच्या इमारतीत लग्नाचा डीजे लागला आहे असे समजा. खिडक्या बंद केल्या की गाण्याचे शब्द कळत नाहीत, फक्त बेसची धबधब येत राहते. भिंत आणि काच उंच पट्टीचे आवाज अडवतात, खालच्या पट्टीचे पुढे जाऊ देतात. निरोगी फुप्फुस असेच वागते. त्यातल्या हवेने भरलेल्या असंख्य बारीक पिशव्या उंच पट्टीचा आवाज शोषून घेतात. म्हणून छातीवर फक्त पुटपुट ऐकू येते.

निमोनियात या पिशव्यांमधली हवा जाऊन तिथे स्राव भरतो. पाणी साठल्यावर फुप्फुस दाबले जाते, तेव्हाही त्या भागातली हवा कमी होते. अशा फुप्फुसातून आधी अडणारे उंच पट्टीचे आवाज पुढे जाऊ लागतात. कोणताही स्वर हा वेगवेगळ्या पट्ट्यांच्या आवाजांचे मिश्रण असतो. ‘ई’ आणि ‘ए’ यांच्यातला फरकही या मिश्रणातल्या प्रमाणाचाच असतो. हे प्रमाण वाटेत बदलले की घशातून निघालेला ‘ई’ पाठीवर ‘ए’ होऊन बाहेर पडतो. ‘ई’ म्हणायला सांगण्याची आजची सोपी चाचणी विसाव्या शतकात रूढ झाली.

पुस्तकाचे स्वागत कसे झाले?

१८१९ मध्ये लाएनेक यांचे दोन खंडांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुस्तकाबरोबर लाकडी स्टेथोस्कोपही विकत मिळत असे. १८२१ मध्ये जॉन फोर्ब्स यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. मात्र हे यंत्र सर्वसाधारण डॉक्टरांच्या वापरात येईल का, याबद्दल खुद्द फोर्ब्स यांनीच प्रस्तावनेत शंका व्यक्त केली होती.

पॅरिसमध्येही विरोध होता. फ्रांस्वा ब्रूसे हे त्या काळचे वजनदार डॉक्टर. बहुतेक रोग शरीरातल्या दाहामुळे होतात, असे ते मानत आणि जळवा लावून रक्त काढण्यावर त्यांचा भर असे. आवाजावरून रोगांचे वेगवेगळे प्रकार पाडणारे लाएनेक त्यांना मान्य नव्हते. दोघांमधला वाद कटू झाला.

नव्या शब्दांचा त्रास अनुवादातही झाला. फुप्फुसातल्या आगंतुक आवाजांसाठी लाएनेक यांचा फ्रेंच शब्द होता ‘राल’. सामान्य फ्रेंच माणसाला मात्र त्यातून मरणाऱ्याच्या घशातली घरघर आठवे. रुग्णाने तो ऐकला तर तो घाबरेल, म्हणून खाटेजवळ बोलताना लाएनेक त्याऐवजी ‘रॉन्कस’ हा लॅटिन शब्द वापरत. दोन्हींचा अर्थ त्यांच्या लेखी एकच होता. इंग्रजीत गेल्यावर मात्र ते दोन वेगळ्या आवाजांचे शब्द झाले. कोणता डॉक्टर कोणत्या आवाजाला काय म्हणतो, याचा गोंधळ विसाव्या शतकापर्यंत चालला. रुग्णाची भीती टाळण्यासाठी केलेली तडजोड दीडशे वर्षे महागात पडली.

‘सिरोसिस’ही त्यांचाच शब्द आहे का?

होय. दारूमुळे यकृत खराब होते तेव्हा घरोघरी ऐकू येणारा ‘सिरोसिस’ हा शब्द लाएनेक यांचाच. १८१९च्या पुस्तकातल्या एका तळटीपेत तो आला आहे. यकृतातले पिवळसर-तांबूस दाणे पाहून त्यांनी ‘पिंगट’ या अर्थाच्या ‘किरोस’ या ग्रीक शब्दावरून हे नाव दिले.

स्पेलिंगमुळे इथेही घोटाळा होतो. कठीण गाठीसाठी ‘स्किरस’ असा दुसरा एक वैद्यकीय शब्द आहे. दोन्हींची स्पेलिंग इतकी सारखी आहेत की सिरोसिस म्हणजे यकृत कठीण होणे, असाच शब्दार्थ असल्याचे अनेकांना वाटते. यकृत कठीण होते हे खरे. पण शब्दाचा अर्थ रंगाचा आहे.

लाएनेक यांचा शेवट कसा झाला?

अतिश्रमाने तब्येत ढासळल्यामुळे पुस्तक येताच लाएनेक पॅरिस सोडून ब्रिटनीतल्या आपल्या केरलुआर्नेक या गावाकडच्या घरी गेले. मोकळ्या हवेत त्यांना बरे वाटले. १८२२ मध्ये ते कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे शारिते रुग्णालयातले अध्यापन आले. देशोदेशीचे विद्यार्थी त्यांच्याकडे येऊ लागले. १८२४ मध्ये त्यांनी जाकलिन आर्गू यांच्याशी विवाह केला.

क्षयाच्या अभ्यासात लाएनेक यांचे योगदान मोठे आहे. फुप्फुसातल्या बारीक गाठी, त्यांचे वितळणे आणि शेवटी होणारी पोकळी या वेगवेगळ्या रोगांच्या नव्हे, तर एकाच रोगाच्या पायऱ्या आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. पण तो संसर्गाने पसरतो, असे त्यांना वाटत नव्हते. तरुणपणी क्षयाच्या रुग्णाचे शवविच्छेदन करताना करवत लागून त्यांच्या बोटाला जखम झाली होती आणि तिथे गाठ आली होती. ही घटना त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवली आहे. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी जाहीर केला तो २४ मार्च १८८२ रोजी. तोवर असंख्य डॉक्टर कोणतीही काळजी न घेता क्षयरुग्णांच्या छातीला कान लावत राहिले, शवविच्छेदने करत राहिले.

१८२६च्या सुरुवातीला लाएनेक पुस्तकाची दुसरी आवृत्ती पूर्ण करत होते. ताप, खोकला आणि अशक्तपणा वाढत होता. त्यांचा डॉक्टर नातेवाईक मेरियादेक याने स्टेथोस्कोपने त्यांची छाती तपासली. त्याला जे ऐकू आले, त्याची वर्णने लाएनेक यांच्याच पुस्तकात होती. ती क्षयाची होती. स्टेथोस्कोप हाती आल्यापासून दहा वर्षांत लाएनेक यांनी हे आवाज इतरांच्या छातीत ऐकून पुढे काय होणार ते ओळखले होते.

ते पुन्हा ब्रिटनीला परतले. १३ ऑगस्ट १८२६ रोजी केरलुआर्नेकला त्यांचे निधन झाले. मृत्यूपूर्वी त्यांनी बोटांतल्या अंगठ्या एकेक करून स्वतःच उतरवून ठेवल्या, नंतर ते काम दुसऱ्याला करावे लागू नये म्हणून, असे सांगितले जाते. मृत्युपत्रात त्यांनी आपला स्टेथोस्कोप मेरियादेकच्या नावे केला होता.

आज या शब्दाचा उपयोग काय?

दोन्ही कानांना लावायचा स्टेथोस्कोप १८५०च्या दशकात आला. १८९५ मध्ये एक्स-रेचा शोध लागला. आज सोनोग्राफीत फुप्फुसाभोवतीचे पाणी पडद्यावर दिसते. त्यामुळे फक्त ईगॉफनीवरून कोणी उपचार ठरवत नाही. पण वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या परीक्षेत हा शब्द अजून येतो आणि एक्स-रेची सोय जवळ नसलेल्या ठिकाणी डॉक्टरला पहिली शंका येण्यासाठी तो अजून उपयोगी पडतो. जगातले सर्वाधिक क्षयरुग्ण असलेल्या भारतात तर छाती नीट ऐकणाऱ्या डॉक्टरची गरज संपलेली नाही.

भारतातले विद्यार्थी ब्रिटिश आणि अमेरिकी अशी दोन्ही पुस्तके वाचतात. त्यामुळे दोन्ही स्पेलिंग त्यांच्यासमोर येतात आणि दोन्ही बरोबर मानली जातात. लक्षात ठेवायला सोपी युक्ती हवी असेल, तर जुन्या स्पेलिंगच्या सुरुवातीचा ‘ए’ म्हणजे शेळीचा ‘बें’मधला ‘ए’ समजावा. स्टेथोस्कोपमधून ऐकू येतो तोही तोच.